सुई लावायची की नाही, आणि सही कोणाची?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेने लिहिलं आहे. धाकटा भाऊ २९ वर्षांचा, दूध संकलन केंद्रावर काम करतो. चार महिन्यांपूर्वी त्याला एकाचे दोन दिसू लागले. चष्मा दोनदा बदलून झाला. मग बोलणं जड झालं, शर्टाची बटणं लावताना उजवा हात अडखळायला लागला. एमआरआयच्या रिपोर्टात आलं: ‘ब्रेनस्टेममध्ये, पॉन्सच्या डाव्या बाजूला २ सेंटिमीटरची गाठ. ग्लायोमा किंवा ट्युबरक्युलोमा. क्लिनिकल कोरिलेशन करावे.’ (ग्लायोमा म्हणजे मेंदूतल्याच आधारपेशींची गाठ, ट्युबरक्युलोमा म्हणजे टीबीची.) गावातल्या डॉक्टरांनी स्टेरॉइड सुरू केलं, आठवड्यात बोलणं सुधारलं. ते म्हणतात, टीबीची औषधं चालू करू आणि दोन-तीन महिन्यांनी परत एमआरआय काढू. पुण्याचे न्यूरोसर्जन म्हणतात, आधी बायॉप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं. वडील म्हणतात, सुई लावली की गाठ चेकाळते. आणि गोळ्यांनी उतार पडलाय म्हणजे टीबीच आहे. ताईंनी मोबाइलवर वाचलं की अशा रुग्णांकडे नऊ ते बारा महिने असतात, तेव्हापासून त्यांना झोप नाही. भावाला ‘नस दबली आहे’ एवढंच सांगितलंय. त्याचा साखरपुडा झालाय, लग्न उन्हाळ्यात आहे. तो अजून पहाटे चारला एक डोळा मिटून मोटरसायकलवर केंद्रावर जातो. बायॉप्सी करावी का? आणि त्याला सांगावं का?

ताई,

तुम्ही दोन प्रश्न वेगवेगळे विचारलेत. मला ते एकच वाटतात. का, ते पुढे येईलच. आधी त्या नऊ-बारा महिन्यांचं बघू, कारण झोप त्याने उडवली आहे.

तो आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या भावाचा नाही. तो आहे डीआयपीजी नावाच्या गाठीचा. ती प्रामुख्याने लहान मुलांना, पाच ते दहा वर्षांच्या आसपास होते, सगळ्या पॉन्समध्ये, म्हणजे ब्रेनस्टेमच्या मधल्या भागात, दुधात पाणी मिसळावं तशी पसरते, आणि लक्षणं काही आठवड्यांत भराभर वाढतात. मोबाइलवर ‘ब्रेनस्टेम ट्यूमर’ टाकलं की सगळ्यात वर तीच येते. २९ वर्षांच्या माणसाची एका बाजूची, कडा दिसणारी, चार महिने हळूहळू जाणवणारी गाठ ही वेगळी गोष्ट. मोठ्या माणसांतल्या ब्रेनस्टेम ग्लायोमातही बऱ्याच गाठी संथ असतात, रुग्ण कित्येक वर्षं काढतात. आणि तुमच्या रिपोर्टात तर ग्लायोमा आहे हेही अजून ठरलेलं नाही.

ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूचा देठ. अंगठ्याएवढा भाग. वर मेंदू, खाली मज्जारज्जू, आणि हातापायांकडे जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्या तारा या देठातून जातात. डोळे फिरवणं, चेहरा हलवणं, गिळणं, श्वास, हृदयाची गती यांची केंद्रंही इथेच, अगदी दाटीवाटीने. त्यामुळे दुसरीकडे सहज खपून गेली असती अशी छोटी गाठ इथे लगेच बोलायला लागते. तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला फार नेमकी वाटली. तुम्ही लिहिलंय की डावा डोळा बाहेरच्या बाजूला पुरता जात नाही आणि दुबळा हात मात्र उजवा. ही उलटसुलट जोडी देठाची खूण आहे. डोळ्याची नस ज्या बाजूला निघते त्याच बाजूला काम करते. हाताच्या तारा मात्र आणखी खाली जाऊन बाजू बदलतात. डावा डोळा आणि उजवा हात म्हटलं की आम्ही एमआरआय बघायच्या आधीच बोट डाव्या पॉन्सवर ठेवतो. चष्म्याच्या दुकानात ते कोणाच्या लक्षात आलं नाही याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते: एक डोळा झाकल्यावर दुहेरी दिसणं थांबत असेल तर भानगड बहुधा चष्म्याच्या नंबरात नाही, दोन डोळ्यांच्या जुळणीत आहे. मग चष्मा बदलत बसण्यापेक्षा न्यूरॉलॉजिस्ट गाठावा.

आता मुद्दा असा की ‘ब्रेनस्टेममध्ये गाठ’ हा पत्ता झाला. त्या पत्त्यावर राहतं कोण, ते रिपोर्ट सांगत नाही. ग्लायोमा असू शकतो. आपल्याकडे टीबीची गाठ, म्हणजे ट्युबरक्युलोमा, असण्याची शक्यता बरीच. लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, असू शकतो. दुसरीकडच्या कॅन्सरचं बीज असू शकतं, या वयात कमी. कधी गाठच नसते; प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच तारांवरचं आवरण कुरतडल्याने सूज येते आणि ती गाठीसारखी दिसते. कॅव्हर्नोमा नावाचा रक्तवाहिन्यांचा गुच्छही असतो, तो थोडाथोडा पाझरतो. पण एमआरआयवर त्याचं रूप इतकं ठळक असतं की तुमच्या रिपोर्टात त्याचं नाव आलं असतं. या प्रत्येकाचा इलाज निराळा. ‘क्लिनिकल कोरिलेशन करावे’ या ओळीवर तुम्ही चिडला आहात, पण ती टाळाटाळ नाही. रेडिऑलॉजिस्टने तुमच्या भावाला पाहिलेलं नसतं, फक्त त्याचं चित्र पाहिलेलं असतं. ज्याने माणूस पाहिलाय त्याने चित्राशी जुळवा, एवढंच तो म्हणतो.

वडिलांच्या दोन्ही म्हणण्यांकडे येऊ. दुसरं आधी, कारण ते जास्त फसवं आहे: ‘गोळ्यांनी उतार पडला म्हणजे टीबीच.’ स्टेरॉइड गाठीभोवतीची सूज उतरवतं, गाठ कसलीही असो. ग्लायोमा असेल तरी बोलणं सुधारेल, टीबी असेल तरी सुधारेल. लिम्फोमा असेल तर गाठ काही काळ जवळजवळ नाहीशी होऊ शकते, आणि मग बायॉप्सीत काहीच सापडत नाही. म्हणून निदान अर्धवट असताना स्टेरॉइड द्यावं का, यावर डॉक्टर इतका विचार करतात. गावातल्या डॉक्टरांनी चूक केली असं मी म्हणत नाही. बोलणं बिघडत चाललेल्या माणसाला ते द्यावंही लागतं. पण सर्जनना तारखेसकट, डोससकट सांगा की ते चालू आहे. आणि कोणाच्या सांगण्यावरून ते एकदम बंद करू नका, डोस पायरीपायरीनेच कमी होतो. मेडिकलमधून जुन्या चिठ्ठीवर परत परत आणूही नका. साखर तपासत राहा.

‘टीबीची औषधं देऊन बघू’ हा मार्ग आपल्याकडे सर्रास वापरला जातो, आणि कधी कधी तोच शहाणपणाचा असतो. कधी? जेव्हा टीबीचा दुसरा पुरावा हातात असतो. छातीच्या सीटीत काही सापडलं, मानेत किंवा छातीत गाठी मिळाल्या, घरात कोणाला नुकताच टीबी झाला होता. तसा पुरावा शोधला का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. तो आधी शोधायला हवा. छातीचा सीटी, एचआयव्हीची तपासणी, मानेच्या-काखेच्या गाठी बोटांनी चाचपणं, गरज पडली तर पूर्ण अंगाचा पेट स्कॅन, एमआरआयमध्येच स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे गाठीतल्या रसायनांची तपासणी. मेंदूत दाब वाढलेला नाही याची खात्री करून पाठीतलं पाणी. यातून मानेतली एखादी गाठ हाती लागली तर बायॉप्सी तिची करता येते, देठाला हात न लावता उत्तर मिळतं. असं सुदैव प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, पण ते न शोधता देठात शिरणंही बरोबर नाही आणि न शोधता वर्षभराची औषधं चालू करणंही नाही.

हो, वर्षभराची. मेंदूच्या टीबीचा कोर्स साधारण ९ ते १२ महिन्यांचा, गाठ विरली नाही तर त्याहून जास्त. सरकारी केंद्रात औषधं फुकट मिळतात, पण यकृताला आणि डोळ्यांना जपावं लागतं. गोम अशी की खरोखर टीबी असला तरी सुरुवातीच्या काळात औषधं चालू असताना गाठ उलट वाढलेली दिसू शकते. म्हणजे तीन महिन्यांनी एमआरआयत गाठ मोठी दिसली तर डॉक्टरांपुढे पेच: औषध लागू पडतंय आणि ही तात्पुरती वाढ आहे, की हा टीबीच नाही? त्या वेळी बायॉप्सी नसल्याची चुटपुट सगळ्यांनाच लागते. म्हणून माझा कल सांगते. वरच्या तपासण्यांत टीबीचा भक्कम धागा मिळाला तर औषधं सुरू करा, मात्र ‘किती दिवसांत काय दिसलं नाही तर आपण काय करणार’ हे आधी कागदावर लिहून घ्या. धागा मिळाला नाही, तर मी पुण्याच्या सर्जनच्या बाजूने आहे.

आता सुई. ‘सुई लावली की चेकाळते’ हे मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याला हसणं मी सोडून दिलं. लोकांनी जे पाहिलं ते खरंच पाहिलेलं असतं: शेजारच्या माणसाची बायॉप्सी झाली आणि दोन महिन्यांत तो गेला. पण आपल्याकडे माणूस सुईपर्यंत पोचतो तोच मुळात उशिरा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते, आणि नाव कावळ्याचं होतं. सुईच्या वाटेने मेंदूतली गाठ पसरणं ही अतिशय दुर्मीळ गोष्ट आहे. वडिलांनी खरं तर ज्याला घाबरायला हवं ते म्हणजे रक्तस्राव आणि सूज. त्याबद्दल त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. भीती खऱ्या जागी बसली की माणूस हिशेब करू लागतो.

हिशेब असा. स्टिरिओटॅक्टिक बायॉप्सीत डोक्याला एक चौकट बसवतात किंवा नेव्हिगेशन वापरतात, स्कॅनवरून कॉम्प्युटर सुईचा कोन आणि खोली काढतो, कवटीला करंगळीच्या नखापेक्षा लहान भोक पाडतात. कपाळाच्या वरून नाहीतर मागून लहान मेंदूतून, दोनपैकी एका वाटेने बारीक सुई जाते. बाहेर येतात ते तांदळाच्या कणीएवढे तुकडे. अनुभवी हातांत शंभरातल्या सुमारे ९५ जणांना यातून निदान मिळतं. डोळा, चेहरा, हात यांचा त्रास काही जणांत तात्पुरता वाढतो. कायमचं नुकसान शंभरात एक-दोघांना. मृत्यू शंभरात एकाहून कमी. शून्य नाही. म्हणूनच सर्जनना थेट विचारा, ‘देठातल्या बायॉप्सी तुम्ही स्वतः वर्षाला किती करता?’ चांगला सर्जन या प्रश्नाचा राग मानत नाही.

आणखी एक बारकावा, जो नातेवाईक विचारत नाहीत आणि गडबडीत डॉक्टरांकडूनही सुटतो. सगळे तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेले तर टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विचारून ठेवा: एक तुकडा सलाइनमध्ये कल्चर आणि जीनएक्स्पर्ट या टीबीच्या तपासणीसाठी जाणार ना? आणि ग्लायोमा निघाला तर एच३ के२७ या जनुकातल्या बदलाची तपासणी होणार ना? ही दुसरी तपासणी शौकाची नाही. गाठीचा स्वभाव सूक्ष्मदर्शकापेक्षाही या बदलावरून जास्त कळतो. हा बदल असलेली गाठ उपचारांनंतर पुन्हा वाढली तर डॉर्डाव्हिप्रोन नावाच्या तोंडाने घ्यायच्या औषधाला अमेरिकेच्या एफडीएने ऑगस्ट २०२५ मध्ये सशर्त मान्यता दिली. जादू नाही, साधारण पाचातल्या एका रुग्णात गाठ ठळकपणे आकसली. पण तुकडाच नसेल तर तो पाचवा माणूस आपण आहोत का हे विचारायचीही सोय राहत नाही.

ग्लायोमा ठरला तर बहुधा रेडिएशन: सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे, रोज काही मिनिटं, चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घालून. दुखत नाही, थकवा येतो. पूर्ण गाठ काढणं देठात क्वचित जमतं, ती पृष्ठभागावर आलेली असली तरच. ‘ऑपरेशन होत नाही’ हे वाक्य ऐकून तुमच्या घरी ‘इलाज नाही’ असा अर्थ लावला गेला. तसा तो नाही.

दुसरं मत घ्यायचं तर मुंबईत परळचं टाटा आहे, आणि तुम्ही सांगलीकडच्या असल्याने बंगळूरचं निम्हान्स हे मेंदूच्या आजारांचं रुग्णालयही. मिरजेहून थेट गाडी आहे. जाताना एमआरआयची नुसती फिल्म नेऊ नका, सीडी न्या. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीवर सगळी. खर्चासाठी महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला दवाखान्यात दाखल होण्याआधी भेटा, नंतर नव्हे. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण त्या दवाखान्यात त्याच उपचाराला ते लागू आहे का, हे तोच सांगेल.

आता तो दुसरा प्रश्न. बायॉप्सीच्या आधी एक कागद पुढे येईल, संमतिपत्र. त्यावर धोका लिहिलेला असेल आणि खाली सही लागेल. ती सही वडिलांची नाही, तुमची नाही. तुमचा भाऊ २९ वर्षांचा आहे, शुद्धीत आहे, सही त्याची. ‘नस दबली आहे’ असं ऐकलेल्या माणसाकडून त्या कागदावर सही कशी घेणार? म्हणून म्हटलं, दोन्ही प्रश्न एकच आहेत.

तुम्हाला वाटतंय की तो खचेल. पण तो दोन-दोन रस्ते बघत पहाटे गाडी चालवतोय, घरातले लोक तो आला की बोलणं थांबवतात, वडील त्याच्या ताटात न मागता तूप वाढतात. त्याला काहीच कळलं नाही असं तुम्हाला खरंच वाटतं? माझा अनुभव असा की रुग्णाने मनात रंगवलेलं बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा भयंकर असतं, आणि ते एकट्याने रंगवलेलं असतं. सगळं एका दमात सांगायची गरज नाही. ‘तुला किती ऐकायचंय?’ असं विचारा आणि तो थांबवेल तिथे थांबा. ‘मेंदूत एक गाठ दिसतेय, कसली ते कळलेलं नाही, ते शोधायला चाललोय.’ यातलं अक्षर खोटं नाही. एक विनंती: हे पहिल्यांदा दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये सांगू नका, घरी सांगा.

लग्नाचं मी तुम्हाला काही सांगणार नाही, कारण ते तुम्ही ठरवायचं नाहीच. त्याला कळलं की तो तिच्याशी बोलेल. तारीख पुढे ढकलणं म्हणजे मोडणं नव्हे. मात्र ‘निदान यायच्या आत उरकून टाकू’ असं घरात कोणी म्हणत असेल, आणि कोणी ना कोणी म्हणतंच, तर त्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवून बघा.

रोजच्या जगण्यातलं थोडं. दुहेरी दिसण्यासाठी चष्म्याच्या एका काचेवर अपारदर्शक पट्टी लावा, एक दिवस डावी, एक दिवस उजवी. पाणी पिताना ठसका लागतो का, पाहा. गिळणं बिघडतं तेव्हा पातळ पदार्थ आधी त्रास देतात. ताक, चहा, पाणी श्वासनलिकेत जातं. तेव्हा ताठ बसून, हनुवटी थोडी खाली, लहान घोट. मऊ भात, दाट पेज, कुस्करलेलं केळं चालतं. आणि स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या, ते लोक फक्त तोतरेपणा बघत नाहीत. पहाटे डोकं ठणकून उलटी होणं, दिवसा गुंगीत राहणं, श्वास घोरल्यासारखा किंवा तुटक होणं, गिळणं एकाएकी बंद होणं: यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, १०८ लावायचा. देठातल्या गाठीने मेंदूतल्या पाण्याची वाट अडली तर ती वाट दुर्बिणीने किंवा शंट, म्हणजे बारीक नळी, घालून मोकळी करता येते, पण तासांचा खेळ असतो.

ज्यांच्या घरात रुग्ण लहान मूल आहे अशांचीही पत्रं येतात, त्यांच्यासाठी इथेच लिहिते. मुलांतली सगळीच देठाची गाठ डीआयपीजी नसते. देठाच्या वरच्या टोकाला, टेक्टममध्ये होणारी गाठ इतकी संथ असते की पाण्याचा अडथळा काढला की बरेचदा नुसतं वर्षानुवर्षं एमआरआयने लक्ष ठेवतात. न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा जनुकीय आजार असलेल्या मुलांतल्या गाठीही बऱ्याचदा गप्प बसतात. पण खरोखर डीआयपीजी असेल तर मी खोटी आशा दाखवणार नाही. चंद्रावर उतरलेल्या नील आर्मस्ट्राँगची मुलगी कॅरन जानेवारी १९६२ मध्ये याच आजाराने गेली. ती तीन वर्षांचीही नव्हती. तेव्हाही तिला रेडिएशन दिलं होतं, आणि आजही मुख्य आधार रेडिएशनच आहे. त्याने बहुतेक मुलांना काही चांगले महिने मिळतात: चालणं सुधारतं, हसू सरळ होतं. चित्र नमुनेदार असेल तर बायॉप्सीशिवायही उपचार सुरू करतात; तुकडा घेतात तो मुख्यतः गाठीतला बदल ओळखून पुढच्या औषधांची, चाचण्यांची दारं उघडी राहावीत म्हणून. कोणत्या घराने काय निवडावं हे मी इथून सांगू शकत नाही. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, टीमला मात्र पहिल्या महिन्यातच भेटा. शेवटच्या आठवड्यात बोलावलं तर त्यांना करण्यासारखं फार थोडं उरतं.

ताई, तपासण्यांना आणि दुसऱ्या मताला दोन-तीन आठवडे जातील. तेवढे गेले तर चालतील, तब्येत झपाट्याने उतरत नसेल तोवर. एक गोष्ट मात्र उद्यावर टाकू नका. त्याची मोटरसायकल. दोन दिसणाऱ्या, उजवा हात अडखळणाऱ्या माणसाने पहाटे चारच्या अंधारात गाडी काढायची नाही. केंद्रावर सोडायला कोणीतरी जा, नाहीतर रजा टाकू द्या. आज रात्री किल्ली मागा. तो विचारेल, का? तेव्हा नस दबल्याचं सांगू नका.